आधी घड्याळ, मग एमआरआय : मेंदू आणि मणक्याची लक्षणं घरी कशी ओळखायची

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई मोरीत घसरल्या. डोक्याला सुपारीएवढं टेंगूळ आलं. बर्फ लावला, त्यांनी चहा घेतला, रात्री नेहमीची मालिकाही बघितली. विषय संपला. साधारण सव्वा महिन्याने त्यांचा डावा पाय चालताना घासायला लागला. दुपारची झोप लांबली, आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. घरच्यांनी "आता वय झालं" म्हणून सोडून दिलं. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे मणके आणि गुडघे बघते. मी त्यांना गुडघ्याचे व्यायाम देत बसले. एका सकाळी त्यांना माझं नाव आठवेना, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला जुनं रक्त साकळून दाब देत होतं. कवटीला दोन लहान भोकं पाडून ते काढलं. तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातल्या वरणाला नावं ठेवायला लागल्या आणि आम्हाला हायसं वाटलं.

पाय कुठे दुखतो, हे मी त्यांना दहा वेळा विचारलं होतं. हे कधीपासून, आणि त्याआधी काय झालं होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून या लेखात प्रत्येक लक्षणाला मी आधी घड्याळ लावणार आहे. घरबसल्या रोगाचं नाव शोधायला हा लेख नाही. आत्ता पळायचं, उद्या दाखवायचं की आठवडाभर थांबलं तरी चालेल, एवढं यातून ठरवता यावं.

पहिली पायरी : लक्षण किती वेळात आलं?

क्षणात किंवा दोन-पाच मिनिटांत आलं, तर बहुतेक वेळा रक्तवाहिनी बंद तरी झालेली असते, फुटलेली तरी असते, नाहीतर ती फिट असते. आंघोळीला जाईपर्यंत माणूस ठणठणीत आणि बाहेर आला तो बोबडं बोलत, हा मेंदूच्या झटक्याचा, म्हणजे लकव्याचा नमुना. काही तासांत ते तीन-चार दिवसांत वाढत गेलं, तर जंतुसंसर्ग किंवा नसांची सूज. आठवड्या-महिन्यांत हळूहळू चढलं, तर गाठ, टीबी, माझ्या सासूबाईंसारखं साकळलेलं रक्त, किंवा मज्जारज्जूवर पडत चाललेला दाब. आणि "नक्की कधी सुरू झालं सांगता येत नाही, पण तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते असं चालत नव्हते" असं असेल, तर पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंशासारखे संथ आजार.

अपवाद असतात. तरीही न्यूरोलॉजिस्टचा पहिला प्रश्न हाच असतो आणि आपल्याकडे त्याचं उत्तर सहसा "बऱ्याच दिवसांपासून" असं मिळतं. हे उत्तर निरुपयोगी आहे. दिवाळीआधी की नंतर, बाळंतपणाआधी की नंतर, असं खुंटीला टांगून सांगा.

दुसरी पायरी : शरीरावर ते कुठे पसरलंय?

एकाच बाजूचा चेहरा, हात आणि पाय गेले, तर गडबड मेंदूत. दोन्ही पाय जड, शिवाय छाती किंवा पोटावर पट्टा बांधल्यासारखं वाटून त्याखालचं सगळं बधिर, तर मज्जारज्जूत. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत एकाच पायात तारेसारखी कळ, तर मणक्यातून निघणारी एखादी नस दबलेली. दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारख्या मुंग्या, तर टोकाच्या नसा. तिथे मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता आधी बघतात.

एक गोष्ट पुढे कामाला येईल. मज्जारज्जू कंबरेपर्यंत पोचतच नाही. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नुसता नसांचा जुडगा लोंबतो, घोड्याच्या शेपटासारखा. म्हणून दोन्ही पाय ताठर होऊन चाल बिघडली, तर फक्त कंबरेचा एमआरआय काढून भागत नाही. दुखणं पाठीत किंवा मानेत असू शकतं.

अचानक : अंगावरून वारं जाणं

लकवा, अर्धांगवायू, पॅरॅलिसिस, "वारं गेलं", नावं कितीही असली तरी तपासणी एक मिनिटाची आहे.

दात दाखवायला सांगा. ओठाचा एक कोपरा मागे राहतो का बघा. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगा आणि दहा आकडे मोजा. दुबळा हात खाली येतो, आणि येताना तळवा आत वळतो. हे वळणं आधी दिसतं. मग साधं वाक्य म्हणायला लावा. "कच्चा पापड पक्का पापड" नको, ते धडधाकट माणसालाही जमत नाही. "आज बाजारात काय आणलं" एवढं पुरे. शब्द घसरतात का, की भलतेच शब्द येतात, ते ऐका. अचानक तोल जाणं, एका डोळ्यापुढे अंधार, दोन-दोन दिसणं हेही झटक्यातच मोडतं. एका पेशंटच्या मुलीने सांगितलेली खूण मी विसरणार नाही : वडील ताटातली फक्त उजव्या बाजूची भाजी खात होते, डावीकडची तशीच. त्यांच्यापुरतं ताट तिथेच संपलेलं होतं.

यातलं एकही दिसलं तर घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, तीच वेळ धरायची. सकाळी सहाला हात लुळा पडलेला आढळला आणि रात्री अकराला ते नीट बोलत झोपले, तर डॉक्टरांसाठी घड्याळ अकराला सुरू होतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढतात. त्याला सहा तास, आणि निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत मुभा असते. मात्र हे वेळापत्रक बघून निवांत होऊ नका. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असं गणित मांडलं गेलं आहे.

म्हणून तेल चोळणं, "रात्री हातावर झोपले असतील" म्हणून वाट बघणं, गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून घेणं, यात तास घालवू नका. १०८ ला फोन करा. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळतं तिथेच न्या. आपल्या भागात असं ठिकाण कोणतं, हे आजच विचारून फोनमध्ये ठेवा; रात्री दोनला शोधाशोध नको. तोंडाने पाणीही देऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन देऊ नका, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय कळत नाही. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र तपासा. साखर फार उतरली तरी चित्र हुबेहूब झटक्याचं दिसतं.

दोन घोटाळे नेहमी होतात. एक, हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप बरा झाला, म्हणून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. खरा झटका येण्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो, तेव्हा त्याच दिवशी जायचं. दुसरा, फक्त चेहरा वाकडा झाला. कपाळाला आठ्या पाडायला सांगा. त्या बाजूला आठ्याही पडत नाहीत, डोळाही मिटत नाही, आणि हात-पाय-बोलणं ठीक, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेची सूज आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर फायदा होतो, म्हणून तिथेही रेंगाळू नका. आठ्या पडतायत पण ओठ वाकडा आहे, तर तो मेंदूचा मामला. जरा जरी शंका असेल तर झटकाच समजून न्या.

डोकेदुखी : कुठली सोसायची, कुठली नाही

बहुतेक डोकेदुख्या अर्धशिशीच्या किंवा ताणाच्या असतात. अर्धशिशी सहसा एका बाजूला ठणकते, मळमळ आणते, उजेड-आवाज नकोसा करते आणि ४ ते ७२ तास टिकते. त्रासदायक, पण जीवघेणी नाही. तिच्यासाठी महिन्यात पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांची डोकेदुखी मात्र गोळ्यांमुळेच वाढत जाते. मेडिकलवाल्याला आपली गोळी तोंडपाठ असेल, तर विचार करा.

आता न सोसण्यासारख्या. मिनिटभरात टोकाला पोचलेली, "आयुष्यात अशी कधी दुखली नाही" अशी डोकेदुखी मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याची असू शकते. गोळीने उतरली तरी दवाखाना गाठायचा. पहाटे जाग आणणारी, खोकताना-वाकताना वाढणारी, उलटीसोबतची आणि आठवड्यागणिक चढणारी डोकेदुखी कवटीतला दाब वाढल्याची खूण असते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, कंगवा फिरवताना टाळू दुखणारी, भाकरी चावताना जबडा भरून येणारी डोकेदुखी एका रक्तवाहिनीच्या सुजेची असू शकते आणि उपचार न झाल्यास नजर जाते.

आणि बाळंतीण. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याकडे कल जास्त असतो, पहिल्या सहा आठवड्यांत विशेष. त्यात आपल्याकडे काही घरांत अजून तिला पाणी कमी देतात. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते. डोकं दुखत राहतं, नजर धूसर होते, मग फिट येते किंवा हात लुळा पडतो. बाळंतपणात बीपी वाढूनही डोकं दुखून फिट येऊ शकते. "जागरणाने दुखतंय" म्हणून ओव्याची धुरी देत बसू नका. आणि तिला पोटभर पाणी द्या.

ब्रश करताना, तोंड धुताना गालात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येत असेल, तर चांगले दात काढून टाकायच्या आधी एकदा न्यूरोलॉजिस्टला भेटा. नसेच्या त्या दुखण्याला वेगळी गोळी लागते. दोन-दोन दाढा काढून झाल्यावर आलेले पेशंट मी पाहिलेत.

फिट आली की

कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवा. दातखीळ उघडायला चमचा घालू नका; दात तुटतो, नाहीतर तुमचं बोट. भोवतालच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, झटके थांबत आले की कुशीवर वळवा आणि वेळ मोजा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८. शक्य असेल तर कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करा. पेशंटला काहीच आठवत नसतं, आणि घाबरलेल्या नातेवाइकाच्या वर्णनापेक्षा तीस सेकंदांची क्लिप डॉक्टरांना जास्त सांगते.

घेरी आणि फिट यातही गल्लत होते. रांगेत उभं असताना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारलं, माणूस पांढराफटक पडून कोसळला आणि आडवा होताच मिनिटात शुद्धीवर आला, तर ती बहुधा घेरी. जिभेची कड चावलेली, लघवी झालेली, नंतर अर्धा तास भ्रमिष्टासारखं वागणं, ही फिटची लक्षणं. आपल्याकडे फिटचं एक नेहमीचं कारण म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी. "आम्ही तर माळकरी" असं म्हणून सुटका नाही. ही अंडी दूषित पाण्यातून, नीट न धुतलेल्या कोथिंबीर-कोबीतून आणि अस्वच्छ हातांतून येतात.

काही तासांत-दिवसांत चढणारं

ताप, डोकेदुखी आणि ताठ मान. त्यात बडबड किंवा गुंगी आली तर मेंदूज्वर धरून त्याच तासाला निघायचं. लहान मुलांत तर वेग भयंकर असतो. चांदीपुरा विषाणूचं नाव नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून पडलंय, तो १९६५ मध्ये तिथे सापडला. त्याने आजारी पडलेलं मूल सकाळी तापाने फणफणून संध्याकाळी बेशुद्ध होऊ शकतं. उलट टीबीचा मेंदूज्वर दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणं, चिडचिड असा लपत येतो.

गियाँ-बारे, म्हणजे जीबीएस, हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार पुण्याला आता समजावून सांगावा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात दूषित पाण्यानंतर पेशंट वाढत गेले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. जुलाब होऊन एक ते तीन आठवड्यांनी पावलांत मुंग्या, मग जिना चढवेना, मग खुर्चीतून उठवेना, असा अशक्तपणा पायांतून वर सरकतो. तो छातीपर्यंत पोचला तर श्वास अडतो, म्हणून "थकवा आहे, ओआरएस घ्या" म्हणत थांबायचं नाही. घरी तपासायचं असेल तर एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. काल तीस जमत होते आणि आज पंधरावरच दम लागला, तर अतिदक्षता विभाग असलेल्याच दवाखान्यात न्या.

कंबर आणि पाय

माझ्याकडे येणाऱ्या दहातले सात-आठ याच प्रकारचे. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय", "नस दबलीय". बादली उचलताना भरलेली उसण सहसा काही दिवस ते काही आठवड्यांत उतरते. पलंगावर पडून राहिल्याने ती लांबते, हलतं राहिल्याने लवकर जाते.

कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, खोकताना-शिंकताना वाढत असेल, तर नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. मग भिंतीला धरून आधी टाचांवर चाला, मग चवड्यांवर. टाचांवर चालताना एक पाऊल खाली पडतंय, किंवा एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर ताकद जातेय. दोन-तीन दिवसांत स्पेशालिस्ट. आणि पाऊल एका रात्रीत लटकं पडलं असेल, तर आजच. ताकद शाबूत असेल तर बहुतेकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय निवळते.

आता जो प्रश्न कोणी लाजेखातर विचारत नाही तो. लघवी नेहमीसारखी होते का? शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श कळतो का? सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत गळायला लागली, दोन्ही पायांत कळा आल्या, तर तो मघाचा नसांचा जुडगाच चेपला गेलाय. ही शस्त्रक्रियेची आणीबाणी. सहसा ४८ तासांच्या आत दाब काढायचा प्रयत्न करतात, जितकं लवकर तितकं बरं. उशीर झाला तर लघवीची नळी कायमची राहू शकते. सुनेने सासऱ्यांना हे विचारणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. चिठ्ठीवर लिहून द्या, पण विचारा.

पाठीच्या मधोमध, रात्री विश्रांतीतही दुखणारं, संध्याकाळच्या बारीक तापासह आणि वजन घटतंय असं दुखणं असेल, तर मणक्याचा टीबी मनात आणा. तो पट्टा बांधून आणि शेक देऊन बरा होत नाही. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखीही अशीच तातडीने तपासायची.

आणि एमआरआयला भिऊ नका. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. रिपोर्टमधली "झीज" म्हणजे पुष्कळदा मणक्याचे पांढरे केस.

कोकणात आंबा-नारळ काढताना झाडावरून पडलेल्या माणसाला चौघे हातपाय धरून उचलतात, तेव्हा अंगावर काटा येतो. मणका मोडलेला असेल तर त्या झोळीत मज्जारज्जू चेचला जातो. मान-पाठ न वाकवता, अख्खं अंग एकसंध ठेवून फळीवर घ्यायचं.

मान, हात आणि चप्पल

मानेतल्या मज्जारज्जूवर दाब पडला तर मान दुखेलच असं नाही, म्हणून हे दुखणं सगळ्यात जास्त निसटतं. शर्टची बटणं लावायला वेळ लागतो, सुटे पैसे हातून पडतात, सही बदलली म्हणून बँकेत चेक परत येतो. पाय कडक, चाल अडखळती. दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायची. साधारण वीस वेळा जमायला हवं. बरंच कमी होत असेल तर तपासून घ्या. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरतो, हेही सांगा.

चपलेचा प्रश्न मला एका जुन्या डॉक्टरांनी शिकवला. चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटलेली कळते का? निसटते पण कळते, तर ताकद कमी. अनवाणी चार पावलं पुढे गेल्यावर मागून कोणीतरी हाक मारतं, तर संवेदना गेलीय. ती मज्जारज्जूत किंवा टोकाच्या नसांत कुठेही जाऊ शकते. बेसिनपाशी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जाणं, हे त्याचंच भावंड. शुद्ध शाकाहारी, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे, यांनी अशा वेळी बी-१२ तपासून घ्यावं. स्वस्तातलं इंजेक्शन वेळेत मिळालं तर बरंच परत येतं.

सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद करा. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून लकवा झालेला आहे. आणि कूस बदलताना अर्धा मिनिट गरगरतं, त्याला "मानेचा मणका" म्हणून पट्टा लावू नका. ते बहुधा कानाच्या आत जागेवरून सुटलेल्या बारीक खड्यांचं काम असतं आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून बरं होतं. सतत गरगरतंय आणि आधाराशिवाय उभंही राहवत नाही, तर परत झटक्याच्या पायरीवर जा.

डॉक्टरकडे जाताना

एका कागदावर लिहा : पहिलं लक्षण कोणतं आणि कधी, वाढतंय, थांबलंय की येऊन-जाऊन, मागच्या तीन महिन्यांत पडणं, ताप, जुलाब, बाळंतपण, नवी गोळी, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत टाका. "चक्कर" हा शब्द वापरू नका. घर फिरतं, डोळ्यांपुढे अंधारतं, की पाय लटपटतात, ते सांगा. "मुंग्या", "बधिर" आणि "ताकद नाही" या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, एकीच्या जागी दुसरी सांगू नका.

हाताचा कंप असेल तर तो हात मांडीवर निवांत असताना होतो की कप उचलताना, हे घरी बघून जा. निवांत असतानाचा, एका बाजूने सुरू झालेला, सोबत बारीक होत गेलेलं अक्षर आणि चालताना न हलणारा हात असेल, तर पार्किन्सन्सकडे बोट जातं.

स्कॅन नेताना फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. खर्चाची चिंता असेल तर भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया बसते का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार त्याच पिशवीत ठेवा. आमच्याकडे ती पिशवी आता दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असते. सासूबाईंनीच शिवलीय, जुन्या परकराची.